चार्जबॅक आला तर काय करायचं: छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

तुमच्या वेबसाइटवरून एक पैठणी विकली जाते. कार्डाचे पैसे दोन-तीन दिवसांत खात्यात येतात, पार्सल पोचतं, ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठाही दाखवतो. दीड महिन्याने पेमेंट गेटवेचा, म्हणजे तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचा मेल येतो: या व्यवहारावर चार्जबॅक आला आहे (ग्राहकाने त्याच्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितले आहेत), रक्कम रोखली आहे, अमुक तारखेपर्यंत कागदपत्रं द्या. बहुतेक विक्रेते इथे दोन गोष्टी करतात. ग्राहकाला फोन लावून तावातावाने बोलतात आणि गेटवेला चार ओळींचं चिडकं उत्तर पाठवतात. त्या उत्तरानेच बऱ्याचदा केस हातची जाते.

बँकेकडे निर्णय घेणाऱ्या माणसाला तुम्ही प्रामाणिक आहात का, हे शोधायचं नसतं. ग्राहकाने एक ठरावीक तक्रार केलेली असते, त्या तक्रारीला एक कोड असतो, आणि त्या कोडाला नेमकं उत्तर देणारा कागद तुम्ही जोडलाय का, एवढंच तो बघतो. ‘पार्सल मिळालंच नाही’ या तक्रारीवर तुम्ही साडीच्या काठापदराचे वीस फोटो पाठवलेत, तर ते फोटो कितीही सुंदर असोत, त्यांचा उपयोग शून्य.

स्वतःची वेबसाइट, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅप यांवरून विकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. साड्या, कोल्हापुरी चपला, हापूस, मसाले, दिवाळीचा फराळ, दागिने, काहीही विकत असलात तरी पद्धत तीच.

पैसे कुठून कुठे जातात

कार्डाच्या व्यवहारात पाच जण असतात: ग्राहक, त्याला कार्ड देणारी बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी एक नेटवर्क, गेटवेच्या बाजूची बँक आणि गेटवेमार्फत तुम्ही. ग्राहक तक्रार करतो ती त्याच्या बँकेकडे. ती बँक नेटवर्कमार्फत रक्कम मागे ओढते. तुमचं म्हणणं त्याच साखळीतून उलट्या दिशेने जातं. त्यामुळे ग्राहकाच्या बँकेच्या शाखेत जाऊन किंवा तिच्या कस्टमर केअरला फोन करून काही होत नाही. तुमचा रस्ता एकच, गेटवेचा डॅशबोर्ड.

मुदत समजून घ्या, कारण रेकॉर्ड किती दिवस सांभाळायचं ते तिच्यावर ठरतं. ग्राहकाला तक्रारीसाठी साधारण १२० दिवस असतात. पण ‘माल मिळाला नाही’ या प्रकारात हे दिवस पैसे भरल्यापासून मोजले जातातच असं नाही. माल ज्या दिवशी मिळणं अपेक्षित होतं, तिथूनही ते मोजता येतात. व्हिसाच्या नियमांत त्याची कमाल मर्यादा व्यवहारापासून ५४० दिवस आहे. हापूसचं बुकिंग फेब्रुवारीत घेऊन पेट्या एप्रिलअखेर पाठवत असाल, तर ऑगस्टच्या अखेरीसही चार्जबॅक येऊ शकतो. हंगाम संपला म्हणून मेमध्ये फोन रिकामा करणारे बागायतदार इथेच अडकतात.

मेल आल्यावर पहिल्या तासाभरात

सगळ्यात आधी डॅशबोर्डवरचा डिस्प्युट उघडा आणि चार गोष्टी कागदावर उतरवा: कारणाचा कोड, रक्कम, उत्तराची शेवटची तारीख आणि मूळ ऑर्डर क्रमांक. तारीख लगेच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. कागद कितीही भक्कम असला तरी मुदत उलटल्यावर तो कुणी उघडतही नाही. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. गेटवेलाही ते पुढे पाठवायला वेळ लागतो, आणि अर्धवट उत्तर परत आलं तर दुरुस्तीला जागा हवी.

पार्सल अजून वाटेत असेल तर कुरिअरला थांबवायला सांगा आणि परत मागवा.

मग रिफंडची नोंद तपासा. तुम्ही आधीच पैसे परत केले असतील, तर त्या रिफंडचा एआरएन म्हणजे संदर्भ क्रमांक पाठवला की काम संपलं. केले नसतील, तर चार्जबॅक उघडा असताना वेगळा रिफंड अजिबात देऊ नका. ‘बँकेने पैसे दिले नाहीत, तुम्ही जीपे करा, मी तक्रार मागे घेते’ असा मेसेज येतो. तुम्ही जीपे करता, तक्रार तशीच राहते, पैसे दोनदा जातात. यूपीआयने केलेला परतावा कार्डाच्या त्या व्यवहाराशी जोडलेला नसतो, म्हणून पुरावा म्हणूनही तो लंगडा पडतो. रिफंड नेहमी ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने, गेटवेच्या डॅशबोर्डवरूनच द्यावा.

यानंतर ग्राहकाला फोन करा, पण शांतपणे. निम्मी गुंतागुंत तिथेच सुटू शकते. कार्डाच्या स्टेटमेंटवर तुमच्या दुकानाचं नाव ‘सईज कलेक्शन’ असं येत नाही. तिथे गेटवेचं नाव असतं किंवा प्रोप्रायटर म्हणून नोंदवलेलं तुमच्या सासऱ्यांचं. बायकोने साडी घेतलेली असते, नवरा स्टेटमेंट बघतो, अनोळखी नाव दिसतं आणि तो बँकेला कळवून मोकळा होतो. यात कुणाची लबाडी नसते. अशा ग्राहकाला म्हणा, ‘ताई, ही ऑर्डर तुमचीच आहे ना, एवढं बघून घ्या. असेल तर बँकेला तक्रार मागे घेतल्याचा मेल करा आणि त्याची प्रत मला पाठवा.’ प्रत आली तरी तुमचं उत्तर मुदतीत द्याच. तक्रार मागे घेतल्याची नोंद तिकडे कधी होईल याचा भरवसा नसतो. हा प्रकार वारंवार होत असेल, तर स्टेटमेंटवर दिसणारं नाव बदलून देण्याची विनंती गेटवेला करा, आणि ऑर्डरच्या मेसेजमध्ये ‘तुमच्या स्टेटमेंटवर अमुक नाव दिसेल’ अशी ओळ घाला.

कोणत्या तक्रारीला कोणता कागद

पहिला प्रकार, ‘हा व्यवहार मी केलाच नाही’. व्हिसामध्ये याचा कोड १०.४, मास्टरकार्डमध्ये ४८३७. भारतात दिलेल्या कार्डावर ऑनलाइन खरेदी करताना ओटीपीसारखी दुसरी पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली आहे. पडताळणी पूर्ण होऊन व्यवहार झाला असेल, तर फसवणुकीचा भार नेटवर्कच्या नियमांनुसार सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. म्हणून गेटवेकडून त्या व्यवहाराचा थ्रीडीएसचा, म्हणजे ही पडताळणी झाल्याचा, पुरावा मागून घ्या. त्यात ईसीआय नावाचा आकडा असतो. रुपेसाठी काय दिसतं ते गेटवेला विचारा. व्हिसामध्ये ०५ आणि मास्टरकार्डमध्ये ०२ म्हणजे पूर्ण पडताळणी झालेली. हा एक कागद दहा स्क्रीनशॉटना भारी आहे. मात्र हे संरक्षण फक्त ‘मी केलाच नाही’ या तक्रारीपुरतं असतं. ओटीपी बरोबर टाकला, म्हणून माल पोचला हे सिद्ध होत नाही.

खरी जोखीम परदेशी कार्डांची. अमेरिकेतलं कार्ड कित्येकदा कसलीही पडताळणी न होता चालतं, आणि मग चोरीच्या कार्डाचा भार तुमच्यावर येतो. फसवणूक ओळखण्याच्या याद्यांमध्ये पहिलीच खूण असते, कार्ड एका देशाचं आणि डिलिव्हरी दुसऱ्या देशात. मराठी विक्रेत्याने ही खूण डोळे झाकून लावली, तर त्याचे सगळ्यात चांगले ग्राहक जातील. मुलगा न्यू जर्सीत, फराळाचा डबा आई-बाबांना कोथरूडमध्ये, हा आपला रोजचा धंदा आहे. अशा ऑर्डरला नकार देऊ नका, पण तिचा माग ठेवा. पैसे भरणाऱ्याचा ईमेल, त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ‘बाबांच्या पत्त्यावर पाठवा’ हे त्याचं वाक्य आणि सही करून पार्सल घेणाऱ्या बाबांचं नाव, हे सगळं एका धाग्यात दिसलं पाहिजे. पावतीवर वेगळंच नाव आणि ते कोण याचा कुठे उल्लेख नाही, असं झालं तर पुरावा असूनही फुकट जातो.

जुन्या ग्राहकाच्या बाबतीत व्हिसाने एप्रिल २०२३ पासून एक उपयोगी नियम आणला. त्याच ग्राहकाचे त्याच कार्डावर आधीचे निदान दोन व्यवहार असतील, ते १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे असतील, त्यांच्यावर तक्रार नसेल, आणि आयपी पत्ता, डिव्हाइस, डिलिव्हरीचा पत्ता, लॉगिन यांपैकी दोन गोष्टी जुळत असतील, तर १०.४ ची तक्रार टिकत नाही. जुळणाऱ्या दोनांपैकी एक आयपी पत्ता किंवा डिव्हाइस असावाच लागतो. म्हणजे वेबसाइट बनवून देणाऱ्याला आजच विचारा की ऑर्डरबरोबर आयपी पत्ता साठवला जातो का. नंतर तो कुठून मिळत नाही.

दुसरा प्रकार, ‘माल मिळाला नाही’, व्हिसाचा कोड १३.१. इथे लागतो डिलिव्हरीचा पुरावा म्हणजे पीओडी. पार्सल कुठे, कोणत्या तारखेला, कुणाच्या हातात गेलं आणि तो पत्ता ऑर्डरमधल्या पत्त्याशी जुळतो, हे दिसायला हवं. ट्रॅकिंगवर नुसतं ‘डिलिव्हर्ड’ आणि शहराचं नाव पुरेसं धरलं जात नाही. कुरिअर कंपन्यांकडे ही सहीची प्रत किंवा जागेचा फोटो कायम राहत नाही, म्हणून महागड्या ऑर्डरची पीओडी त्याच आठवड्यात उतरवून ठेवा. ‘वॉचमनकडे दिलं’ हा तर भांडणाचा जुना उगम. पोस्टाने पाठवत असाल तर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये सामील झालं आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टवर ओटीपी डिलिव्हरीची सोय नगामागे ५ रुपये अधिक जीएसटी देऊन घेता येते. दोन हजारांच्या वरच्या कुठल्याही पार्सलवर हे पाच रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात चिवट: ‘दाखवलं एक, आलं दुसरंच’ किंवा ‘खराब आलं’. व्हिसाचा कोड १३.३, मास्टरकार्ड असल्या तक्रारी ४८५३ खाली घेतं. इथे तुमच्याच वेबसाइटवरचे शब्द तुमच्याविरुद्ध उभे राहतात. पॉवरलूमच्या साडीखाली ‘अस्सल हातमाग पैठणी’ लिहिलं असेल, तर ग्राहकाचं म्हणणं खरं आहे आणि ते पैसे जाणारच. अर्ध-रेशमी साडीला ‘प्युअर सिल्क’, कर्नाटकच्या आंब्याला ‘देवगड’, हे शब्द आधी काढून टाका. हापूसला २०१८ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती नावं खोटी वापरली तर प्रश्न चार्जबॅकपुरता राहत नाही.

वर्णन खरं असेल, तर या तक्रारीत पुढच्या गोष्टी लागतात. ऑर्डरच्या तारखेला वेबसाइटवर असलेल्या पानाचा स्क्रीनशॉट. पॅकिंगचा अखंड व्हिडिओ, ज्यात पत्त्याचं लेबल, वस्तू दोन्ही बाजूंनी, पेटी बंद होताना आणि वजनकाट्याचा आकडा एकाच शॉटमध्ये दिसतो. कुरिअरच्या बिलावरचं वजन. पैसे भरण्याआधी ग्राहकाने मान्य केलेली परताव्याची अट. आणि डिलिव्हरीनंतरचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं. यात एक मुद्दा विक्रेते विसरतात. या कोडाखाली ग्राहकाने माल परत केला किंवा परत करायचा प्रयत्न तरी केला, हे सहसा दाखवावं लागतं. तुम्ही ‘साडी परत पाठवा, पिकअप लावतो’ म्हणालात आणि ग्राहक गप्प बसला, तर तो मेसेज तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे. म्हणून तक्रार आली की फोनवर वाद घालण्याआधी लेखी प्रस्ताव द्या.

आंब्यासारख्या नाशवंत मालाला परत पाठवण्याचा मार्ग नसतो. तिथे अट आधीच स्पष्ट हवी: पेटी मिळाल्यापासून २४ तासांत, पेटीवरचा क्रमांक दिसेल असे फोटो पाठवले तर खराब नगांची भरपाई. त्याबरोबर आंबे कच्चे येतील, गवतात किती दिवस ठेवायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, हे पेटीत छापील आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हीकडे द्या. मात्र ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी सरसकट पाटी ऑनलाइन चालत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, चुकीचा किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं.

उरलेले दोन प्रकार सोपे आहेत. ‘रिफंड मिळाला नाही’ याला एआरएन. ‘दोनदा पैसे गेले’ याला दोन वेगळ्या ऑर्डरची दोन बिलं आणि दोन पीओडी. खरंच दोनदा गेले असतील तर तक्रार मान्य करून मोकळे व्हा.

उत्तर कसं लिहायचं

सगळं मिळून एकच पीडीएफ करा. पहिल्या पानावर पत्र, पुढे क्रमांक घातलेले पुरावे. पत्र इंग्रजीत लिहा, कारण वाचणारा मुंबईत असेल, चेन्नईत असेल किंवा परदेशात. मराठी चॅटचे स्क्रीनशॉट लावलेत तर महत्त्वाच्या ओळीचं भाषांतर शेजारी लिहा, नाहीतर तो स्क्रीनशॉट त्याच्यासाठी कोराच. पत्राचा साचा असा ठेवा:

‘तक्रार: माल मिळाला नाही. आमचं म्हणणं: माल अमुक तारखेला ऑर्डरमधल्याच पत्त्यावर पोचला. ऑर्डर अमुक तारखेची, रक्कम अमुक, पुरावा १. पार्सल अमुक तारखेला अमुक कुरिअरकडे दिलं, ट्रॅकिंग क्रमांक अमुक, पुरावा २. अमुक तारखेला अमुक यांनी ओटीपी देऊन स्वीकारलं, पुरावा ३. दुसऱ्या दिवशी ग्राहकाने मिळाल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, पुरावा ४. म्हणून रक्कम परत जमा करावी.’

बस. ‘आम्ही वीस वर्षं धंद्यात आहोत’, ‘हे लोक असेच असतात’, ‘आमचं नुकसान कोण भरणार’ यातलं एकही वाक्य नको. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि नंबर दिसू द्या, महत्त्वाच्या ओळीभोवती चौकट काढा. ग्राहकाच्या कार्डाचा फोटो किंवा पूर्ण नंबर तुमच्याकडे असेल तर तो मुळात असायलाच नको होता; पुरावा म्हणून जोडू तर नकाच.

उत्तरानंतर ग्राहकाची बँक मान्य करते किंवा पुन्हा आक्षेप घेते. दुसऱ्या फेरीनंतर प्रकरण नेटवर्कच्या लवादाकडे जाऊ शकतं, आणि तिथे हरणाऱ्यावर शेकडो डॉलरचं शुल्क पडतं. बाराशे रुपयांच्या मसाल्यासाठी तिथवर जाणं वेडेपणा आहे. माझं मत स्पष्ट आहे: पीओडी नाही, पॅकिंगचा व्हिडिओ नाही आणि रक्कम लहान, अशा वेळी तक्रार मान्य करा आणि तो अर्धा दिवस पुढच्या ऑर्डरींवर घालवा. चार्जबॅकचं प्रमाण वाढलं की गेटवे तुमचे पैसे राखून ठेवू लागतो किंवा खातंच बंद करतो, म्हणून नाराज ग्राहकाला बँकेकडे जाण्याआधी रिफंड देणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

यूपीआयच्या लबाड्या

यूपीआयवर कार्डासारखे चार्जबॅक कमी येतात. तिथला धोका पैसे येण्याआधीच असतो.

नकली स्क्रीनशॉट तयार करणारी अ‍ॅप्स सर्रास मिळतात. हिरवी टिकमार्क, तुमचं नाव, रक्कम, सगळं खोटं. त्यामुळे स्क्रीनशॉट बघून पार्सल काढायचं नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा गेटवेच्या डॅशबोर्डवर रक्कम जमा दिसली आणि १२ आकडी संदर्भ क्रमांक जुळला, की मगच. बँकेचा एसएमएस म्हणून आलेला मेसेजही कुणाच्या नंबरवरून आलाय ते बघा. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही. यातूनच पुढची लबाडी निघते. दोन हजारांच्या ऑर्डरला ‘वीस हजार जमा’ असा खोटा मेसेज येतो, मागोमाग रडवेला फोन, ‘दादा, एक शून्य जास्त पडलं हो, आई दवाखान्यात आहे, अठरा हजार लगेच परत करा.’ खातं उघडून बघा, मग बोला.

लष्करी जवान असल्याचं सांगून मोठी ऑर्डर देणारा प्रकार मिठाईवाल्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ऐकलाय, तरी तो चालतोच. ओळखपत्राचा फोटो येतो, पन्नास पेट्यांची ऑर्डर येते, भावाची घासाघीस अजिबात होत नाही, आणि मग ‘आमच्या खात्यातून पैसे यायला तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा’. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. व्यक्तींमधल्या ‘पैसे मागा’ या विनंत्या यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्यात, तेव्हा ही मंडळी आता क्यूआर आणि स्क्रीन शेअर करणाऱ्या अ‍ॅप्सवर जास्त भर देतात.

तिसरा प्रकार सगळ्यात धोकादायक, कारण त्यात पैसे खरे येतात. भामटा तुमच्याकडे चांदीची नाणी किंवा मोबाइल मागवतो, तुमचा क्यूआर घेतो आणि तो भलत्याच माणसाला पाठवून त्याच्याकडून पैसे भरून घेतो. तुम्ही माल भामट्याला देता. फसलेला माणूस तक्रार करतो, आणि तुमचं खातं गोठतं. खूण एकच: ऑर्डर देणाऱ्याचं नाव आणि पैसे भरणाऱ्याचं नाव वेगळं. मोबाइल, सोनं-चांदी, गिफ्ट व्हाउचर अशा लगेच विकता येणाऱ्या मालात नावं जुळली नाहीत तर पैसे आले त्याच खात्यात परत करा आणि ऑर्डर रद्द करा. नवऱ्याच्या नंबरवरून बायकोने पाचशेचा मसाला घेतला तर एवढं करायची गरज नाही.

पार्सल काढण्याआधी

वेबसाइटवर एकाच आयपी पत्त्यावरून लागोपाठ वेगवेगळ्या कार्डांचे छोट्या रकमेचे प्रयत्न दिसले, तर कुणीतरी चोरलेली कार्डं चालतात का ते तुमच्या पानावर तपासतंय. गेटवेला कळवा, कॅप्चा लावा, किमान रक्कम ठेवा, आणि यशस्वी झालेले व्यवहार लगेच रिफंड करा. ते पुढे चार्जबॅक म्हणून येणारच आहेत. गेटवेमध्ये परदेशी कार्डांना थ्रीडीएस सक्तीचं करायची सोय असते. त्याने थोडी विक्री जाते. पाच हजारांवरच्या ऑर्डरला मी ते लावायला सांगतो, फराळाच्या डब्याला नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीत चार्जबॅक येत नाही, पण दारातून परत येणारं पार्सल दोन्ही बाजूंचं भाडं खातं. नवीन ग्राहकाकडून थोडी आगाऊ रक्कम घ्या, पार्सल काढण्याआधी फोनवर ऑर्डर पक्की करा. परत आलेलं पार्सल कुरिअरवाल्यासमोर व्हिडिओ घेऊन उघडा, कारण आत साडीऐवजी जुनं बेडशीट निघतं. मोठ्या मार्केटप्लेसवर विकत असाल तर असल्या परताव्यावर विक्रेत्यासाठी भरपाईचा दावा असतो. अ‍ॅमेझॉनवर त्याचं नाव सेफ-टी क्लेम. तिथेही हाच व्हिडिओ आणि वजनाची पावती लागते, आणि मुदत थोडीच असते.

खातं गोठलं तर

फसलेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकतो. त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले, त्या सगळ्यांवर रोख लागते, म्हणजे खात्यातले पैसे अडवले जातात. तुम्ही त्या साखळीत तिसरे-चौथे असलात तरी लागते.

बँकेत जाऊन लेखी विचारा: तक्रारीचा क्रमांक काय, कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलीस ठाण्याची, वादग्रस्त रक्कम किती, आणि रोख त्या रकमेपुरती आहे की पूर्ण खात्यावर. त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा. बिल, जीएसटी नोंदणी, पीओडी, ग्राहकाशी झालेलं बोलणं, डिलिव्हरीचा पत्ता आणि मोबाइल नंबर, सगळं द्या. भामट्यापर्यंत पोचायला पोलिसांनाही हीच माहिती हवी असते. दोन हजारांसाठी पूर्ण खातं बंद असेल तर बाकीची रक्कम मोकळी करण्याची मागणी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत रोख वादग्रस्त रकमेपुरती ठेवायला सांगितलं होतं, त्याचा उल्लेख अर्जात करता येतो. पोलिसांचा हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मधला आहे, आणि रक्कम सोडवण्यासाठी कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागेल. ‘पन्नास टक्के द्या, खातं उघडून देतो’ असा फोन आला तर तो दुसरा भामटा समजा.

तुम्हीच फसला असाल तर १९३० वर त्याच तासात फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायला वेळ लागत नाही.

हिशेबातली एक बाब सीएला विचारून घ्या. चार्जबॅक हरलात आणि माल परत आला, तर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट काढून कर कमी करता येतो. माल ग्राहकाकडेच राहिला तर ती रक्कम बुडीत, आणि बुडीत रकमेवर भरलेला जीएसटी परत मिळण्याची तरतूद कायद्यात नाही. आणि धंद्याचं चालू खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळ्या बँकेत ठेवा, म्हणजे एका खात्यावर रोख आली तरी गृहकर्जाचा हप्ता आणि मुलांची फी थांबत नाही.